आपले ताट आणि दारची मुकी जनावरे
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सव समितीने आम्हांस ‘आरोग्य’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. शाळेत मुलांना रसायनशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर न्यासाच्या अन्नछत्राची कोठी सांभाळण्याचे काम गळ्यात पडले. तेव्हा बोलायचेच तर जे हाताखालून गेले त्यावर बोलावे, म्हणजे अन्नावर, असे ठरविले. त्यातही माणसाच्या अन्नावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज बोलणार आहो ते आपल्या ताटावर आणि त्या ताटातले उरलेसुरले ज्यांच्यापुढे जाते त्या कुत्र्यामांजरांवर व गाईगुरांवर. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कुत्र्याची कथा कशाला, असे कोणाच्या मनात आल्यास त्यांनी थोडा धीर धरावा. ही कथा फिरून आपल्याच कोठीपाशी येणार आहे.

आमच्या घरी मोती नावाचा पामेरियन कुत्रा होता. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओटल्यावर तो बसलेला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सकाळी पोहे आले की मोतीची बशी निराळी. वर शेव भुरभुरलेली, कांदा पेरलेला, आणि इंदूरच्या रीतीप्रमाणे शेजारी जिलबीचा तुकडा. संध्याकाळी आम्ही सराफ्याकडे फेरी मारून आलो की पुडक्यात त्याच्यासाठी काही ना काही असावयाचेच. हिवाळ्यात गराडू, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, रविवारी तुपात बुडविलेला बाफला. सौभाग्यवती म्हणावयाच्या, “तो घरचाच आहे, त्याला वेगळे काय घालायचे?” आणि आम्हांलाही ते पटे. आपण खातो तेच त्याला दिले यात आपल्या मनाचा मोठेपणा आहे, अशी आमची समजूत होती.

मोती सात वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या पोटाचा घेर पाहून शेजारची मुले त्याला ‘शेठजी’ म्हणू लागली होती. त्या वर्षी दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी तो ओकू लागला, पाठीची कमान करून कोपऱ्यात उभा राहिला आणि जवळ गेले की विव्हळू लागला. महूला 1955 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे शिकलेले एक तरुण पशुवैद्य आमच्या ओळखीचे होते. त्यांनी मोतीला तपासले, रक्त काढले, आणि आम्हांला विचारले, “हा काय खातो?” आम्ही सांगू लागलो, “पोळी, दूध...” तोच त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “काका, हा काय खातो ते राहू द्या. गेल्या तीन दिवसांत तुम्ही काय काय खाल्लेत ते सांगा.”

आम्ही खाली मान घालून यादी सांगितली. चकली, करंजी, अनारसे, बेदाणे घातलेला शिरा, श्रीखंड, कांद्याची भजी. ते लिहून घेत गेले. एकदम पडलेल्या तळणातुपामुळे मोतीच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. पण यादीतल्या आणखी दोन जिनसांखाली त्यांनी रेघ ओढली. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजविलेला, कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मांजराला तर तो अधिकच बाधतो. द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात. कोणत्या कुत्र्याला किती बाधेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून एकही देऊ नये. चॉकलेटमधला थिओब्रोमीन हा पदार्थ आपले शरीर पटकन बाहेर टाकते, कुत्र्याचे शरीर ते सावकाश टाकते, आणि तेवढ्यात त्याचे हृदय धडधडू लागते. म्हणजे आपण सात वर्षे मोठ्या प्रेमाने त्याच्या बशीत जे पोहे वाढीत होतो, त्यांत शेवेचे मीठ-तेल तर होतेच, वर पेरलेला कांदाही होता.

मोती त्या खेपेस वाचला. आणि निघताना त्या तरुणाने आमच्याही पोटाकडे एकवार पाहिले. “काका, तुम्हीही एकदा साखर तपासून घ्या,” असे म्हणाला. आम्हांला राग आला. पण तपासली. ती वाढलेली निघाली.

हा योगायोग म्हणावा काय? स्वीडनमध्ये दोन लाखांहून अधिक कुत्री आणि त्यांचे मालक यांच्या जोड्यांची वर्षानुवर्षांची नोंद ताडून पाहण्यात आली आणि तिचा निष्कर्ष 2020 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. ज्याच्या कुत्र्याला मधुमेह, त्या माणसाला पुढे मधुमेह होण्याचा संभव इतर कुत्रेवाल्यांहून सुमारे एकतृतीयांशाने अधिक आढळला. मांजरे आणि त्यांचे धनी यांच्यात मात्र तसा संबंध दिसला नाही. याचे कारण उघड असावे असे आम्हांस वाटते. मांजर आपल्या मर्जीने हिंडते, आपल्याबरोबर फिरायला येत नाही. कुत्रा मात्र आपण बसलो की बसतो, उठलो की उठतो. आपला आळस हा त्याचा आळस. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसून आले. त्या दहा कोटींच्या ओटल्यांवर किती मोती बसलेले असतील, याचा हिशेब कोणी केलेला आम्ही तरी वाचलेला नाही.

कमी खाल्ल्याने उपाशी मरतो अशी आपल्या आयाबहिणींची कायमची धास्ती असते. त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत लॅब्राडोर जातीची 48 पिल्ले घेऊन त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढे घालावयाचे त्याच्या तीन चतुर्थांश दुसऱ्याला, आणि हा क्रम त्यांच्या मरणापर्यंत. 2002 साली निकाल छापला गेला. पोटभर खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य सव्वाअकरा वर्षांच्या आत भरले, तर चौथाई कमी खाणाऱ्यांचे तेरा वर्षांपर्यंत गेले. शिवाय त्यांचे सांधे उशिरा दुखू लागले. माणसाला असे जन्मभर मोजून वाढता येत नाही, म्हणून हे ज्ञान आपल्याला कुत्र्याकडून घ्यावे लागले.

आणि हे काही पहिल्यांदाच घडले असे नव्हे. आजवर माणसाच्या ताटातला दोष पुष्कळदा आधी जनावराच्या अंगावर उमटला आहे. 1889 च्या सुमारास जावा बेटावर बटाव्हिया येथे आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचा जंतू शोधीत होता. जंतू काही सापडेना. एके दिवशी त्याच्या प्रयोगशाळेच्या अंगणातल्या कोंबड्याच लंगडू लागल्या, मान टाकू लागल्या. अगदी बेरीबेरीच्या रोग्यासारख्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी करता कळले ते असे की, मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढराशुभ्र सडलेला भात मिळत होता. मग आचारी बदलला. नवा आचारी शिस्तीचा. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना कशासाठी, म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्यांना पुन्हा हातसडीचा, कोंड्याचा तांदूळ मिळाला आणि त्या उठून चालू लागल्या. त्या कोंड्यात पुढे ब-1 जीवनसत्त्व सापडले आणि 1929 साली आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कजाग आचाऱ्याचे नाव मात्र कोठे आढळत नाही. सगळे श्रेय त्याचे नसले तरी अर्धे असावे असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. आम्हीही कोठीवालेच.

आपल्या देशातही रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी दक्षिणेत कुन्नूर येथे 1926 च्या सुमारास असाच उद्योग केला. उंदरांचे गट पाडून एका गटाला शीख लोकांचा आहार, एकाला पठाणांचा, एकाला मराठ्यांचा, गुरख्यांचा, कानडी, बंगाली, मद्रासी असा ज्या त्या प्रांताचा आहार घातला आणि त्यांची वजने घेतली. गव्हाची पोळी, दूध-लोणी, डाळी व कच्ची भाजी खाणारे शीख उंदीर पहिले आले, पठाण दुसरे आणि मराठे तिसरे. निव्वळ भातावर भर असलेले शेवटी राहिले. हे ऐकून आमचे एक मित्र तिसऱ्या क्रमांकाबद्दल खट्टू झाले होते. आम्ही त्यांस म्हटले, पहिल्या दोघांच्या पुढ्यात दूध अधिक होते आणि तुमच्या उंदराला ते बेताचे मिळाले. यात जातीचे काही नाही, ताटाचे आहे. कुन्नूरची ती संस्था 1958 साली हैदराबादेस गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे नाव ध्यानात ठेवावे. पुढे ती पुन्हा येणार आहे.

इंदुरात असताना हॉवर्ड साहेबांचे नाव न घेणे कृतघ्नपणा होईल. 1924 ते 1931 या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर वनस्पती-उद्योग संस्था चालविली. आज आपले कृषि महाविद्यालय आहे तेच हे आवार. शेण, पालापाचोळा, गोठ्यातली मुतारीची माती आणि राख यांचे थर देऊन सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची त्यांची रीत ‘इंदूर पद्धत’ या नावाने साऱ्या जगात गेली. 1931 साली त्यांनी त्यावर जे पुस्तक लिहिले त्याचे सहलेखक यशवंत वाड हे होते, हे आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. 1935 साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी येथे आले तेव्हा त्यांनीही ते खत मुद्दाम जाऊन पाहिले.

हॉवर्ड यांचे म्हणणे असे की, जमीन सकस तर चारा सकस, चारा सकस तर बैल निरोगी, आणि माणूसही त्याच साखळीत बांधलेला. पुसा, क्वेट्टा आणि इंदूर या तिन्ही ठिकाणी आपले बैल शेजारच्या लाळ्या-खुरकूत झालेल्या गुरांच्या नाकाला नाक लावीत, तरी त्यांना काही होत नसे, असे त्यांनी 1940 सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. येथे आम्ही साहेबांशी थोडा वाद घालतो. पाहिलेली गोष्ट ही प्रयोग केलेल्या गोष्टीच्या तोलाची नसते. दुसरा बैल तसाच बांधून, त्याला निकस चारा घालून ताडून पाहिलेले नव्हते. तेव्हा हे ऐकून कोणी गोठ्यातली खुरकुताची लस बंद करू नये. परंतु साखळीबद्दल साहेब बोलले ते खरे, याचा दाखला पुढे येतो.

मध्ये मांजराचे दोन शब्द सांगून टाकतो, कारण आपल्या समाजात मांजरे पुष्कळ आणि त्यांच्याविषयी अज्ञानही पुष्कळ. आपल्याकडे मांजर म्हणजे दूधपोळी हे समीकरण ठरलेले आहे. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उकिरड्यावर वाढला. पिष्ट पदार्थ पचविण्याची ताकद त्याच्या रक्तातच लांडग्याहून वाढली आहे, असे 2013 साली सिद्ध झाले. म्हणून डाळ-पोळी-अंडे-दही यांवर, नीट पाहून दिल्यास, कुत्रा निभावतो. मांजराचे तसे नाही. टॉरीन नावाचे एक द्रव्य त्याला पुरेसे बनविता येत नाही, गाजरातल्या रंगापासून ‘अ’ जीवनसत्त्व करता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावे लागते. टॉरीन कमी पडले की दृष्टी जाते आणि हृदय फुगून सैल पडते. हृदयाचे हे कारण तर 1987 साली कळले. तोवर तयार खाद्य खाणारी मांजरेसुद्धा त्याने दगावत होती. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतच नाही. आमचे शाकाहारी बंधू विचारतात, मग आम्ही काय करावे? आमचे स्पष्ट मत असे की, ज्या घरात मासळी शिजणार नाही त्यांनी मांजराला कोंडून, साखळीत ठेवून पाळू नये. पाळायचेच असेल तर बाजारातले मांजराचे तयार अन्न आणावे. आपले व्रत आपल्यापुरते. ते मांजराला लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. हे ऐकून काही मंडळी नाराज होतील याची आम्हांस कल्पना आहे.

आता ज्यासाठी उभे राहिलो ते सांगतो.

1974 सालची गोष्ट. आपल्या झाबुआच्या सीमेला लागून राजस्थानचा बांसवाडा जिल्हा आहे आणि दुसऱ्या अंगाला गुजरातेत तेव्हाचा पंचमहाल जिल्हा होता. दाहोद त्यातच येई. सगळा भिल्लांचा मुलूख आणि सगळ्यांचे मुख्य अन्न मका. त्या वर्षी मका काढणीला आला असता अवकाळी पाऊस झाला. कणसे भिजली, ओल्यातच घरात आली, दमट कोठ्यांत भरली गेली आणि त्यांवर बुरशी चढली. ज्यांच्या घरी दुसरे धान्य होते त्यांनी तो मका बाजूला काढला. ज्यांच्या घरी नव्हते ते तोच दळून त्याच्या रोट्या खात राहिले.

थोड्या आठवड्यांत गावोगाव लोकांचे डोळे पिवळे होऊ लागले, पोटात पाणी भरू लागले आणि माणसे मरू लागली. दोनशेच्या आसपास गावांतून ही साथ पसरली. एका पाहणीत सुमारे चारशे रोगी नोंदले गेले आणि त्यांतले शंभराहून अधिक दगावले. प्रथम सगळ्यांना ती नेहमीची, पाण्यातून येणारी कावीळ वाटली. पण हैदराबादच्या त्या राष्ट्रीय पोषण संस्थेची माणसे तेथे पोहोचली तेव्हा त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. गावातली कुत्रीही तशीच मेली होती. पिवळी पडून, पोट फुगून. आणि माणसांच्या साथीची पहिली वर्दी त्या कुत्र्यांनीच दिली होती. माणसाची कावीळ कुत्र्याला लागत नाही. दोघांत समान ते एकच, त्या घरातली मक्याची रोटी. मक्याची तपासणी झाली तेव्हा त्यात अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष भरपूर निघाले. अंगावर पिणारी तान्ही मुले त्यातून बहुधा वाचली. त्यांनी मका खाल्लाच नव्हता.

हे विष पहिल्यांदा ओळखले गेले तेही जनावरांमुळेच. 1960 साली इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, आणि दोष निघाला त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीचा. रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे विष तव्यावर जळत नाही, कुकरात मरत नाही. बुरशी पुसून टाकली, दाणे धुतले, उन्हात वाळविले, तरी आत गेलेले विष आतच राहते. बांसवाड्याच्या बायांनी रोट्या नीट भाजल्या नव्हत्या असे कोणी समजू नये.

दुसरे असेच उदाहरण अलीकडचे. 2007 साली अमेरिकेत कुत्रीमांजरे मूत्रपिंडे बिघडून मरू लागली. त्यांच्या डबाबंद अन्नातल्या चिनी गव्हाच्या सत्त्वात मेलामाइन मिसळले होते. प्रथिनाच्या तपासणीत माल सकस दिसावा म्हणून केलेली ही लबाडी. कुत्र्यामांजरांचे मरण ते, चार दिवस वर्तमानपत्रांत आले आणि विरले. पुढच्याच वर्षी, 2008 साली, चीनमध्ये तेच मेलामाइन तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत सापडले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, सहा दगावली. वर्दी एक वर्ष आधी मिळाली होती.

आता आपल्या कोठीकडे येतो. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कोठीचे पत्रे गळले, हे सभासदांना आठवत असेल. त्यात झाबुआकडच्या एका दात्याने पाठविलेली मक्याची सहा पोती आणि उपासाच्या खिचडीसाठी घेतलेली शेंगदाण्याची दोन पोती भिजली. आठवड्याने उघडून पाहिली तर दाण्यांवर हिरवट-पिवळी लव. अन्नछत्रात ते घालणे शक्य नव्हते, यावर सर्वांचे एकमत झाले. मग टाकावे कसे? अन्न हे पूर्णब्रह्म. कोणीतरी म्हणाले, गोशाळेला द्या, पुण्य लागेल, अन्नही वाया जाणार नाही. ठराव झाला. त्या ठरावाखाली कोठी-समितीच्या वतीने सही आहे ती आमची. बांसवाड्याची सगळी हकीकत आम्हांस तेव्हाही ठाऊक होती. वर्गात मुलांना शिकविलीही होती. तरी सही करताना हात अडखळला नाही. माणसाला नको ते गाईला चालते, ही सवय इतकी मुरलेली.

सहा दिवसांनी आम्ही आपल्या वसतिगृहात गेलो होतो. सकाळची वेळ, मुले दूध पीत होती. दूध कोठून येते म्हणून सहज विचारले. व्यवस्थापक म्हणाले, “आपण ज्यांना पोती पाठविली ना, त्यांच्याकडूनच. ते आपल्याला सवलतीत देतात.”

गाईने बुरशीचे दाणे किंवा पेंड खाल्ली की त्या विषाचा अंश रूप बदलून तिच्या दुधात उतरतो. दूध तापवून तो जात नाही. 2018 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे 6,432 नमुने घेतले. त्यांतल्या 368 नमुन्यांत, म्हणजे शंभरी पावणेसहाच्या आसपास, हा अंश मर्यादेहून अधिक निघाला. पाण्याच्या भेसळीची आपण चर्चा करतो, ही भेसळ गाईच्या दावणीत होते आणि ती करणारे बहुधा पुण्य करावयास निघालेले असतात. हॉवर्ड साहेबांची साखळी ती हीच. फक्त आम्ही ती उलट्या टोकाने ओढली होती.

त्याच दुपारी आम्ही रिक्षा करून गोशाळेत गेलो. आठांपैकी तीन पोती संपली होती. पाच परत आणली. गोशाळेची मंडळी चकित झाली, एकदोघांना रागही आला. दान दिलेले परत मागणारा न्यास त्यांनी प्रथमच पाहिला असावा. आठवडाभर वसतिगृहाचे दूध दुसरीकडून आणले. मुलांना काही झाले नाही, गाईंनाही दिसण्यासारखे काही झाले नाही. हे विष थोडथोडे गेले तर लगेच दिसत नाही, यकृतात वर्षानुवर्षांनी दिसते. म्हणून काही झाले नाही हे वाक्य आम्ही मोठ्याने म्हणत नाही. पुढच्या बैठकीत आम्ही आपली सही मागे घेतल्याचे लिहून दिले. दोन ज्येष्ठ विश्वस्तांनी ठरावाची अशी फिरवाफिरव बरी नव्हे असा शेरा मारला. तोही इतिवृत्तात आहे. आमची हरकत नाही.

परत आणलेली पाच पोती न्यासाच्या मागल्या अंगणात खड्डा करून शेणमातीच्या थरांत घातली, इंदूर पद्धतीनेच. कोंबड्या आणि भटकी कुत्री उकरू नयेत म्हणून वर काटेरी फांद्या टाकल्या. तीन महिन्यांनी त्याचे खत झाले. ते आज व्यासपीठाभोवतीच्या झेंडूच्या कुंड्यांत आहे. खाण्याच्या भाजीला घातलेले नाही.

तेव्हापासून कोठीत दोन नियम आहेत. दाणे आल्या दिवशी दातांत धरून पाहावयाचे. टणक वाजला तर ठीक, मऊ लागला तर उन्हात. आणि जे माणसाच्या पंगतीतून बुरशीसाठी बाद झाले ते कोणत्याही जनावरापुढे जावयाचे नाही, त्याला खड्डाच. आज दुपारच्या जेवणासंबंधीही एवढेच सांगणे आहे. कांदा-लसणीचा पुलाव आणि श्रीखंड पानात उरल्यास कृपा करून फाटकाबाहेरच्या कुत्र्यांपुढे टाकू नये. आणि पोळ्यांची चळत गाईपुढे ओतू नये. अमावास्येला आणि संक्रांतीला पोटभर पुऱ्या, गहू, शिजलेला भात खाऊन गाईचे पोट आंबते, श्वास कोंडतो आणि कधी ती त्यातच जाते. पशुवैद्यांना त्या दिवशी उसंत नसते. गोग्रास हा ग्रासाएवढाच असू द्यावा. हिरवा चारा द्यावयाचा असल्यास फाटकाशी स्वयंसेवकांनी भारे ठेवले आहेत.

मोती पुढे दोन वर्षे जगला. त्याच्या बशीत उकडलेले अंडे, दही-पोळी आणि दुधीचे तुकडे असत. पहिले काही दिवस तो आमच्या पोह्यांच्या ताटलीकडे पाहून रडे. मग आम्हीच त्याच्यासमोर शेव खाणे सोडले. लाज वाटे. त्या दोन वर्षांत आमचे वजन नऊ किलोंनी उतरले आणि साखर आवाक्यात आली. आमच्या डॉक्टरांनी बिनसाखरेचा च्युइंगगम चघळण्याचा सल्ला दिला होता. तो मात्र आम्ही घरात आणला नाही. त्यातल्या झायलिटॉलने कुत्र्याची साखर एकाएकी उतरते आणि यकृतही जाते, हे तोवर त्या तरुण पशुवैद्याने बजावून ठेवले होते.

शेवटी एक हिशेबाची बाब. भिजलेल्या आठ पोत्यांची किंमत कोठी-समितीने दान या सदरात दाखवावी की नुकसान या सदरात, यावर बराच काथ्याकूट झाला. आमच्या आग्रहावरून ती नुकसान या सदरात घातली आहे. त्या वर्षीचा ताळेबंद या स्मरणिकेत पुढे छापला आहे. त्यात ती ओळ सभासदांनी पाहावी.